टिपाडातलं पाणी

हे मी आजवर कुणापुढंच बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही. श्रावणात मठात जाऊन बसतो, डोळे मिटतो — तिथंही हे ओठांपर्यंत येतं आणि परत जातं. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुमचा-माझा काही व्यवहार नाही. ज्याच्याशी आहे त्याच्यापुढं माझी जीभ उचलत नाही.

लातुरात माझं मोटारपंपाचं दुकान आहे. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. जिल्हा झाला तसे साहेबलोक आले, त्यांना बंगले लागले, बंगल्यांना बोअर लागले आणि बोअरला मोटारी. वडलांची एक पानपट्टी, तीही भाड्याची. मी एका मिस्त्रीकडे मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला, शिकलो, मग जुन्या घेऊन विकायला लागलो, मग दुकान. गिऱ्हाइकाच्या चपलांकडं बघून मी भाव सांगतो, आणि शेवटचा आकडा नेहमी माझा असतो. रागाचंही तसंच. ‘आप्पाच्या नादी लागू नका, हात उचलतो’ — असं अहमदपूरपासून नांदेडपर्यंत माझ्या धंद्यातला कोणीही सांगेल. मला त्याचा आतून अभिमान होता. आता का सांगतोय हे? कळेल.

बोट कशी आली ते आधी सांगतो. हसू नका — किंवा हसा. सगळी गोष्ट हसण्यावरूनच सुरू झाली.

दुष्काळाची वर्षं होती. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली. एकदा नवा जिल्हा होताना मी पाहिला होता, कोण कसं वर गेलं ते पाहिलं होतं. या वेळी मागं राहायचं नाही म्हणून मी उदगीरजवळ दोन प्लॉट घेतले. जिल्हा काही झाला नाही. अडत बाजारातून चाललो की पाठीमागून आवाज यायचा, “काय आप्पा, कलेक्टर आले का ऱ्हायाला?” मग सगळी ओळ हसायची. तुम्हाला ही छोटी गोष्ट वाटेल. मला वाटली नाही, अजूनही वाटत नाही. ज्या लोकांनी मला फाटक्या चड्डीत पाहिलं होतं तेच हसत होते.

त्या चिडीत मी प्लॉट फुंकले. आदल्या उन्हाळ्यात कोकणात गेलो होतो तेव्हा पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या बोटी पाहिल्या होत्या. दहा मिनिटांची फेरी, आणि लोक रांगेत उभे. एक जुनी बोट इंजिनासकट विकायला होती. भाव केला. असा केला की विकणाऱ्याला घाम फुटला. ज्यांच्या गावाची मांजरा नदी कोरडी पडली होती त्यांना मी सांगितलं, आप्पानं समुद्रात बोट टाकली. बाजारातलं हसणं बंद झालं.

पण बोट म्हणजे इंजिन, आणि इंजिन म्हणजे हणमंतू.

हणमंतू बिलोलीकडचा. अकरा वर्षं माझ्या दुकानाच्या मोटारी भरायचा, बोअरमधून काढायचा, सोडायचा. तीन-चारशे फुटांवर मोटार अडकली की पाइपाला कान लावून सांगायचा, कुठं अडकलीय ते. गोदावरीकाठचा, त्यामुळं पोहायला पक्का. घरी बायको, दोन मुली, थोरलीचं लग्नाचं वय. मी म्हटलं, सीझनभर चल. तो आला. आठ महिन्यांत मी त्याला एकदाही तंबाखू मळताना पाहिलं नाही. हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा असं मी म्हणत नाही. मला ते विसरता येत नाही, एवढंच.

ज्याच्या जेटीवर आम्ही बोट लावली तो बाबी. तिथलाच माणूस, जीभ तिखट. त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी हणमंतूला धडा दिला. समुद्राचं पाणी इंजिनाच्या आतून फिरतं, त्यानंच ते थंड राहतं. पण जाताना मीठ सोडून जातं. मीठ आतल्या बारीक वाटांमध्ये बसतं आणि धातू खातं. बाहेर जस्ताचे तुकडे लावलेले असतात, मीठ आधी त्यांना खातं आणि तेवढा वेळ बाकीचं वाचतं. आतल्या वाटांना मात्र रोजची धुलाई हाच उपाय. म्हणून संध्याकाळी बोट वाळूवर ओढली की इंजिनाचा पंख्याकडचा खालचा पाय गोड्या पाण्यानं भरलेल्या टिपाडात बुडवायचा, पंधरा मिनिटं चालवायचं, ते पाणी फेकायचं, दुसरं भरायचं आणि परत चालवायचं. रोज. एक दिवस चुकला तर इंजिन रागावतं, दहा दिवस चुकले तर मरतं. म्हाताऱ्यानं अगदी असंच सांगितलं.

टिपाड म्हणजे निळं प्लास्टिकचं, वरचं तोंड कापलेलं पिंप. दीडशे लिटर तरी मावत असेल त्यात. दोन वेळा म्हणजे तीनशे लिटर. वाळूवर ओतायचं.

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. ते फोटो एप्रिलातले. त्याच्या आधीचे महिने कोणी छापले नाहीत. बायको फोनवर सांगायची — नळ येऊन सतरा दिवस झाले, टँकरवर शेजारणीशी भांडण झालं, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळली आणि ते पाणी संडासला ठेवलंय. ती तक्रार करत नव्हती, दिवसाचा हिशोब देत होती. फोन ठेवून मी वर बघायचो तर हणमंतू टिपाड कलंडत असायचा. गोडं पाणी. वाळूत. सूं करून जायचं.

मला ते बघवेना.

मी नीट सांगतो, कारण इथं मला स्वतःला बरं दाखवायचा मोह होतो. पाण्याला पैसे पडत नव्हते. विहीर बाबीची, भाड्यातच धरलेली, उन्हाळ्यातही काठोकाठ. बाबी उलट टोमणे मारायचा. मी एकदा हणमंतूला ओरडलो की टिपाड अर्धंच भर, तर बाबी सगळ्या बोटवाल्यांदेखत म्हणाला, “काय ओ आप्पा, इंजिनाक आंघोळ घालतास की तीर्थ शिंपडतास? ह्यां कोकण आसा, लातूर नाय!” सगळे हसले. तेच हसणं. चारशे किलोमीटर लांब येऊन पुन्हा तेच.

त्यानंतर मी काय केलं? ओरडणं थांबवलं, आणि टिपाड भरायचं काम माझ्याकडे घेतलं. हणमंतूला म्हटलं, तू पान्हे सांभाळ, पाणी मी बघतो. त्याला नवल वाटलं असणार — मालक बादल्या ओढतोय. आदल्या दिवशीचं पाणी मी फेकायचो नाही. वरचा तेलाचा तवंग कपड्यानं टिपायचो, घटलं तेवढं दोन बादल्या भर टाकायचो आणि झाकण लावून ठेवायचो. एकदा चालवून झालं की हणमंतूला जेवायला पाठवायचो, दुसरं पाणी मी घालतो म्हणायचो. घालत नव्हतो.

आमच्या घरी हेच तर करतात. एकच पाणी चार कामांना. यात काही चूक आहे हे माझ्या हातांना कळलंच नाही. डोक्याला कळायला हवं होतं. तीस वर्षं मोटारींच्या धंद्यात असलेल्या माणसाला इतकं कळू नये, की रोजचं मीठ त्याच पाण्यात उतरतंय आणि मी इंजिनाला पुन्हा समुद्रच पाजतोय? दीड-दोन महिन्यांत ते पाणी तोंडात धरवलं नसतं. मी कधी चाखून बघितलं नाही. का नाही बघितलं? — बहुतेक ठाऊक होतं म्हणूनच.

तरीही, ऐका, ही माझी चूक म्हणजे माझा गुन्हा नव्हे. चूक कोणाचीही होते. मी जे सांगायला बसलोय ते पुढं आहे.

मार्चमध्ये हणमंतू म्हणाला, “आप्पा, पाण्याला वास येऊन राहिला.” मी म्हटलं, विहिरीचा तळ ढवळला असंल. ते पहिलं खोटं. एप्रिलात म्हणाला, “झिंक लई लवकर खाऊन राहिलं. मीठ कुठंतरी ऱ्हाऊन राहिलं, आप्पा.” मी म्हटलं, जस्तच खोटं दिलंय त्या मेकॅनिकनं, चोर आहे. इंजिन चालू असताना मागं पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. आतून पाणी फिरतंय याची ती खूण. जेटीवरचे सगळे म्हणायचे, इंजिन मुततंय तोवर बरं चाललंय. मेमध्ये ती धार दोऱ्यासारखी झाली. हणमंतूनं दोन दिवस मागितले. इंजिन उघडतो म्हणाला, आतल्या वाटा साफ करतो. सुट्ट्यांचे दिवस, रांगा लागलेल्या. मी म्हटलं, सीझन संपू दे. तो म्हणाला, “हाव.” अकरा वर्षांत माझ्या सांगण्याला त्यानं या होकाराशिवाय दुसरं उत्तर दिलंच नव्हतं.

मेच्या शेवटच्या रविवारी नांदेडचं एक कुटुंब बसलं. शाळेतले गुरुजी, त्यांची बायको, म्हातारी आई, दोन मुली. आपल्याकडचे म्हणून मी मुद्दाम आमच्या बोटीत बसवले. खाडीचं तोंड ओलांडलं आणि इंजिन तापून बसलं. बसलं म्हणजे आतून जाम झालं. वारा बाहेरचा, बोट खडकांकडं वाहायला लागली. किनाऱ्यावरून दिसत होतं सगळं. हणमंतूनं नांगर टाकला, तो धरेना. मग एका मच्छीमार होडीनं दोर फेकला तर तो कमी पडला. हणमंतू पाण्यात उतरला, दोर घेऊन आला आणि गुरुजींनी तो बोटीला बांधेपर्यंत हातानं धरून राहिला. म्हातारी ‘महादेवा, महादेवा’ करून ओरडत होती, तो आवाज वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत होता. तासाभरानं सगळे किनाऱ्याला लागले. कोणाला काही झालं नाही. हणमंतूच्या तळहातांची सालटी निघाली होती.

आता ते. आता सांगायलाच हवं.

वाळूवर शंभरेक माणसं जमली होती. गुरुजी पोलिसांत जाईन म्हणत होते. ते साहजिकच होतं. बाबीनं हणमंतूला विचारलं, “इंजिन रोज धुतलंस मां रे?” हणमंतू म्हणाला, “रोज धुतलं मालक. पाणी तर आप्पा सोता भरत व्हते.” त्याच्या आवाजात आरोप नव्हता. तो माझी साक्ष काढत होता, मी त्याच्या बाजूनं उभा राहीन म्हणून. आणि बोलता बोलता तो थांबला. मेकॅनिक माणूस — डोक्यात काहीतरी जुळलं असणार. तो टिपाडाकडं गेला. झाकण काढलं. सोललेल्या हाताचं एक बोट आत बुडवलं, तेव्हा त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, झोंबलं असणार. मग ते बोट जिभेला लावलं.

आणि माझ्याकडं बघितलं.

किती वेळ? अर्धा श्वास. त्या अर्ध्या श्वासात मला सगळं स्पष्ट दिसलं. तो आता बोलणार. बाबी हसणार. सगळी जेटी हसणार — लातूरकरानं खारं पाणी झाकण लावून जपून ठेवलं! ही गोष्ट घाट चढून वर येणार, अडत बाजारात पोचणार, आणि मी मरेपर्यंत ते हसणं मागं लागणार.

मी पुढं झालो आणि त्याच्या कानफटात मारली. पूर्ण ताकदीनं. मग लाथेनं टिपाड उलथं केलं. चार महिने ज्या पाण्याचा थेंब मला सांडवत नव्हता ते सगळं एका क्षणात वाळूत गेलं. आणि ओरडलो, “पिऊन पडतो हा रोज! धुवायला सांगितलं की झोकांड्या खातो! आज माणसं मारली असती यानं!”

सगळ्यांना वाटलं आप्पाचा राग. हणमंतूलाही कदाचित तसंच वाटलं असेल. तुम्हाला खरं सांगतो — मला राग आलाच नव्हता. गिऱ्हाईक शेवटच्या आकड्यावर अडून बसलं की माझं डोकं जसं थंड चालतं, तसं चालत होतं. कुठं मारलं म्हणजे तोंड बंद होईल, काय बोललं म्हणजे लोक लगेच मानतील, टिपाड का सांडायला हवं — सगळं हिशोबानं. लोकांना माझा राग ठाऊक होता, म्हणून तो मी पांघरला. दारूचंही तसंच. परगावचा मिस्त्री, काळा, रापलेला, डोळे समुद्राच्या पाण्यानं लाल झालेले — पितो म्हटलं की कोण नाही म्हणणार?

हणमंतू वळून चालायला लागला. गालाला हातही लावला नाही, हात लावण्यासारखे नव्हते. संध्याकाळच्या एसटीनं गेला.

मी बोट आहे तशी मोडीच्या भावात दिली आणि लातूरला परतलो. प्रत्येकाला विचारायचं होतं, बोटीचं काय झालं. मी प्रत्येकाला सांगितलं, मिस्त्री दारुडा निघाला. दुकानात सांगितलं, लग्नांत सांगितलं, नांदेडच्या व्यापाऱ्यांना फोनवर सांगितलं. जितक्या वेळा सांगितलं तितकं ते खरं होत गेलं. दुष्काळात बोअरमध्ये मोटार सोडणं म्हणजे घरातला शेवटचा पैसा खाली सोडणं. तो पिणाऱ्याच्या हातात कोण देईल? हणमंतूची कामं बंद झाली.

दोनेक महिन्यांनी तो दुकानात आला. पायऱ्यांवर चपला काढून उभा राहिला. गल्ल्यापाशी दोन गिऱ्हाइकं होती. मला वाटलं, आता हा बोलणार. मी उठून उभा राहिलो, हात तयारच होता. पण तो खाली बघून, हळू आवाजात म्हणाला, “आप्पा, इंजिन माझ्यानं गेलं म्हणा. लोकाला तसंच सांगा, मी बी तसंच सांगतो. फकस्त पिलो म्हणून नका म्हणू. थोरलीची देगलूरची सोयरीक त्याच्यावरून मोडली.”

कळलं का तुम्हाला? माझा दोष तो स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होता. बदल्यात एकच शब्द परत मागत होता. आयुष्यभर मी सौदे केले, इतका स्वस्त सौदा मला कोणी दिला नाही. गिऱ्हाइकं बघत होती. मी म्हटलं, “पिणारा हेच म्हणतो, जा.” एक गिऱ्हाईक हसलं. हणमंतूनं चपला हातातच घेतल्या आणि उतरून गेला. पुढं कळलं, तो निजामाबादला गेला. कुठल्याशा इमारतीची पाण्याची मोटार चालू-बंद करायचं काम आहे.

इथं संपलं असतं तरी पुरेसं होतं.

तीन वर्षांनी मुखेडकडचे एक पाहुणे दुकानात आले. स्वच्छ धोतर, वयस्क, सभ्य. चहा घेतला. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघत होते — हणमंतूची थोरली. आपल्यात रीत आहे, सोयरीक करण्याआधी बापाबद्दल त्याच्या जुन्या मालकाला विचारायचं. म्हणाले, “आप्पा, तुम्ही अकरा वर्षं ठेवलेला माणूस. पितो म्हणून ऐकलं. तुमचा शब्द आम्हाला बास.”

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. हसायला कोणी नव्हतं. दार अर्धं लोटलेलं, पंखा चालू, समोर एक भला माणूस, ज्याला खरं ऐकायचं होतं. चार शब्द लागले असते.

मी म्हटलं, “जुनी गोष्ट हाय पाव्हनं. आता सुटली बी असंल.”

आणि वर मला वाटलं, मी मोठेपणा दाखवला. ते मान हलवत उठले, माझे आभार मानले आणि गेले. लग्न झालं की मोडलं हे मी विचारलं नाही. निजामाबादचा नंबर माझ्याकडं आहे. लावलेला नाही.

हणमंतू दारू पीत नव्हता. कधीच नाही. टिपाडातलं पाणी मी बदललं नव्हतं, आणि त्याला मी पूर्ण शुद्धीत मारलं.